कोरडी, उपसा चालू, कठडा वाढवला

सोमवार : पुणे, पारनेर, हिवरे बाजार

सकाळी सहाला निघूनही वाघोलीच्या गर्दीने गाठलंच. गाडीत भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झालेले सर, गाडी चालवणारे आणि गरज पडली की टेपचं दुसरं टोक धरणारे मामा, आणि मागच्या सीटवर पाण्याची खोली मोजायचा साउंडर, पोलादी टेप, खडूचा डबा, नमुन्याच्या बाटल्या यांच्या गराड्यात मी. माझं काम एरवी पुण्यात बसून चालतं. गावागावांतून विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे येतात, ते तपासायचे, जुळवायचे, आलेख काढायचे. आमची संस्था छोटी आहे, विहिरीही मोजक्या. पण काही आकडे वर्षानुवर्षं खटकतात. यंदा ठरवलं, मेच्या मोजणीच्या वेळी त्या विहिरींच्या काठावर जाऊन उभं राहायचं.

राज्यात ही मोजणी जुनी आहे. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ३,९००हून अधिक निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पावसाने जमिनीत किती टाकलं ते ऑक्टोबरला कळतं, आपण किती काढलं ते मेमध्ये. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि कुठल्या तालुक्यात टंचाई येणार, टँकर कुठे लागणार, याचा अंदाज बांधतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी याहून वेगळ्या. आमच्यासारख्यांच्या आणखी वेगळ्या.

शिरूरला घोड नदी ओलांडली की पारनेर तालुका. आमच्या तक्त्यातली पारनेरची एक विहीर काही दिवस नॉर्वेत होती. अक्षांश १९ आणि रेखांश ७४.४ यांची अदलाबदल झाली की नकाशावरचा ठिपका थेट आर्क्टिक समुद्रातल्या बेअर आयलंडवर पडतो. ही चूक बरी, लगेच दिसते. दुसऱ्या जातीची चूक दिसत नाही, तिच्यासाठी एवढ्या उन्हात यावं लागतं.

पहिलीच विहीर त्या जातीची निघाली. आलेखात तिची पातळी एका फेरीत साठ सेंटिमीटर खाली उतरलेली, आणि पुढे कायम तेवढीच खाली. दुष्काळ नाही, शेजारी नवीन बोअर नाही. सरांनी टेपच्या टोकाला हातभर खडू फासला, टेप सोडली, बारा मीटरची खूण कठड्याच्या कडेला बरोबर धरली आणि ओढून वर घेतली. खडूवर ओल सदतीस सेंटिमीटरपर्यंत चढलेली. बारातून ०.३७ गेले, राहिले ११.६३. साउंडर पाण्याला टेकला की पीं वाजतो आणि काम झटपट होतं, पण सरांचा भरवसा खडूवर. ‘खडूला सेल लागत नाहीत,’ म्हणाले.

हे ११.६३ कठड्यापासूनचं अंतर. जमिनीपासूनची पातळी हवी तर त्यातून कठड्याची उंची वजा करायची. आमच्या नोंदीत उंची ०.४५. मामांनी टेप लावली तर १.०५. विहीर ज्यांची ते आजोबा तिथेच होते.

‘नातू बारका होता तवा वाढिवला,’ म्हणाले. ‘पोरं वाकून बघतात हिरीत.’

खालचं बांधकाम काळपट, वरचे साठ सेंटिमीटर सिमेंटचे, करडे. म्हणजे पाणी कधीच उतरलं नव्हतं. साठ सेंटिमीटरने काय होतं, असं वाटेल. भूजलाचा ताळेबंद मांडताना पातळीतला चढउतार, क्षेत्र आणि खडकाची पाणी देण्याची क्षमता यांचा गुणाकार करतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात ही क्षमता ढोबळमानाने दोन टक्के धरतात. शंभर हेक्टरवर साठ सेंटिमीटरची चूक म्हणजे बारा हजार घनमीटर, एक कोटी वीस लाख लिटर. एवढं पाणी एका आजोबांनी नातवाच्या काळजीने कागदावरून गायब केलं होतं. जुन्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी ‘कठडा वाढवला’ असं पेन्सिलीने लिहिलंही होतं. वहीतून संगणकात आकडे आले, शेरे आले नाहीत.

दुपार टळल्यावर हिवरे बाजारला. या गावावर इतकं लिहून झालंय की मी फक्त आमच्या कामापुरतं लिहिते. क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस शिवारावर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लाख लिटर पाणी ओततो. गाव पर्जन्यमापकावर पाऊस मोजतं, निरीक्षण विहिरी मोजतं, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडून रब्बीला काय पेरायचं ते ठरवतं. पोपटराव पवारांनी रुजवलेली ही शिस्त. शेतीसाठी बोअर नाही, हा नियमही. सगळं बघून मला हेवा वाटला तो एका गोष्टीचा : इथे आकडा ज्याने मोजला त्यालाच तो त्याच वर्षी वापरायचा असतो. कठडा वाढवला तर त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

मुक्काम नगरला. तक्त्यात आता ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ असे दोन जिल्हे झालेत, आणि संगणक त्यांना सख्खे मानत नाही. औरंगाबाद-संभाजीनगर, उस्मानाबाद-धाराशिव यांचंही तेच. रात्री जेवण होईस्तोवर तेवढं दुरुस्त केलं.

मंगळवार : जालना

नगर ते जालना रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रवरासंगमाला चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून मामांनी गाडी कुठे थांबवली नाही.

जालन्याकडच्या पहिल्या विहिरीवर पोचलो तेव्हा मोटर नुकतीच बंद झाली होती. विहिरीच्या भिंतीवर ओला पट्टा दिसत होता, हातभर रुंद. शेतीच्या लाइटचं वेळापत्रक एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी मोजलं की रात्रभर उपसलेली विहीर मोजली जाते, दिवसपाळीच्या आठवड्यात सकाळी मोजलं की रात्रभर भरलेली. पाणी तेच, आकड्यात मीटरभराचा फरक. आम्ही बाभळीखाली थांबलो. दर वीस मिनिटांनी साउंडर सोडला. पाणी आधी भराभर चढलं, मग मंद झालं, आणि तासाभराने जवळजवळ थांबलं. हा भरण्याचा वेगही खरं तर मोजण्यासारखा असतो, खडकातून आवक कशी आहे ते त्यावरून कळतं. पण दिवसाला दहा-बारा विहिरी उरकायच्या असतात त्याला तासभर बाभळीखाली बसायला कोण देणार?

तोवर सर आत डोकावून खडकाचे थर वाचत होते. वर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याच्या खाली कठीण काळा पाषाण. पाणी मांजऱ्यात आणि पाषाणाच्या चिरांत. मध्येच त्यांनी बोट दाखवलं. पाषाणाच्या वरच्या कडेला मनगटाएवढी तीन भोकं, एकातून अजून पाणी ठिबकत होतं. आडवे बोअर. विहिरीचं पाणी आटत चाललं की आतून चारी दिशांना असे बोअर मारतात, पन्नास-शंभर फूट, आणि दूरच्या चिरांतलं पाणी विहिरीत येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तम. आमच्या दृष्टीने मात्र ही विहीर आता पूर्वीची राहिली नाही. दहा वर्षांची मालिका आणि मध्ये कुठेतरी विहिरीने जात बदललेली, तारीख कुणालाच आठवत नाही.

‘दोन-तीन साल झाले असतील बघा,’ मालक म्हणाले. ‘थोरलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.’ सरांनी लग्नाचं साल विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.

या मुलखात मोसंबीच्या बागा. २०१२-१३च्या दुष्काळात लोकांनी इथे उभ्या बागा तोडल्या, जळण म्हणून विकल्या. त्यानंतर शेततळी झाली. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेली, वर कुंपण. यातली सगळीच पावसाच्या पाण्याने भरत नाहीत. बरीच पावसाळ्यात विहिरीतून पाणी उचलून भरतात आणि उन्हाळ्यात बागेला सोडतात. शेतकऱ्याचा हिशोब सरळ आहे : जमिनीत ठेवलं तर शेजारी ओढतो, तळ्यात ठेवलं तर माझं. फक्त ऑक्टोबरला विहीर मोजणाऱ्याला वाटतं, यंदा पाऊस मुरलाच नाही. आणि उघड्यावर ठेवलेलं पाणी ऊन पितं ते वेगळंच.

दिवसाची शेवटची विहीर कोरडी. तळाला भेगाळलेला गाळ, एक चप्पल, पिवळी पडलेली झुडपं. कोरड्या विहिरीचं काय लिहायचं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतो. मोजणाऱ्याने रकाना रिकामा सोडला आणि पुढे कुठल्या तरी संगणकाने रिकाम्याला शून्य मानलं, की पाणी जमिनीला टेकलेलं दिसतं. हे हास्यास्पद आहे म्हणून पकडलं जातं. विहिरीची पूर्ण खोली लिहिली तर पाणी निदान तळापर्यंत तरी आहे असं होतं, प्रत्यक्षात ते आणखी किती खाली गेलं कुणास ठाऊक. आणि ती विहीर गाळली तर सगळ्यात वाईट. समजा, पाच विहिरींत पाणी ८, ९, १०, १३ आणि १५ मीटरवर आहे. सरासरी ११. पुढच्या वर्षी सगळीकडे पाणी मीटरभर उतरलं, आणि शेवटच्या दोन आटल्या. उरलेल्या तीन ९, १०, ११. सरासरी १०. प्रत्येक विहिरीचं पाणी खाली गेलं आणि अहवाल म्हणतो, पातळी एक मीटरने सुधारली. दुष्काळ जितका कडक तितक्या जास्त विहिरी गळणार. एका जिल्ह्याच्या जुन्या तक्त्यात मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, आणि त्या वर्षी त्या तालुक्यात टँकर चालू होते.

म्हणून सरासरीच्या शेजारी ‘किती विहिरी मोजल्या, त्यातल्या किती कोरड्या’ हे दोन आकडे असल्याशिवाय मी आता कुठलाच आलेख बाहेर जाऊ देत नाही. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

बुधवार : सिंदखेड राजा, लोणार, अकोला

आज मोजणी थोडी, रस्ता फार. जिजाऊंच्या सिंदखेड राजात पुतळा बारव बघायला थांबलो. दगडी पायऱ्या खाली उतरतात, भिंतींवर मूर्ती. ती रिकामी होती की भरलेली, याकडे बघायला आलेल्यांचं लक्ष नव्हतं. सर मात्र पायऱ्यांवरचे पाण्याचे डाग मोजत बसले. बारव ही मोजपट्टी लावलेलीच विहीर. ‘पाणी सातव्या पायरीला’ म्हटलं की गावातल्या कुणालाही कळतं, आणि पायरीची उंची कुणी वाढवत नाही.

लोणारला सरोवराच्या वरच्या काठावर धार आहे, गोड पाण्याची. खाली उल्केने पाडलेल्या खळग्यात खारं, अल्कधर्मी पाणी. दोहोंमध्ये चढणीचा एक दम. ऊन इतकं होतं की मी खाली उतरले नाही. मामा उतरले आणि वर आल्यावर तासभर बोलले नाहीत.

मेहकर, मालेगाव, पातूर करत रात्री अकोला. लॉजच्या खोलीत कूलर होता, त्यातलं पाणी खारट होतं. उद्याची तयारी आपोआप झाली.

गुरुवार : खारपाणपट्टा

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत गाळाच्या मातीचा एक पट्टा आहे. आपल्याकडे जिथेतिथे दिसणारा पाषाण इथे दिसत नाही, तो गाळाखाली खोल गाडला गेलाय. दर्यापूरच्या वाटेवर गाडी मैलोन्‌मैल सपाट काळ्या जमिनीतून जाते, एक दगड दिसत नाही. जमीन अशी की हरभरा आणि कपाशी ओलीवरच येतात. जमिनीखाली पाणीही आहे, बऱ्याच ठिकाणी फार खोलही नाही. आमच्या नकाशात पातळीला रंग दिलेत, आणि हा भाग दिसायला सुखी दिसतो.

एका गावातल्या हातपंपावर विद्युतवाहकतेचं मीटर बुडवलं. आकडा पाच हजारांच्या वर जाऊन थांबला. त्याला ढोबळ ०.६५ ने गुणलं की लिटरमागे तीन हजार मिलिग्रॅमच्या वर विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याची मर्यादा पाचशे, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दोन हजार. पंपावरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या.

‘मशीन कायले लावता,’ म्हणाल्या. ‘जिभेले समजते ना. हे भांडे घासाचं पानी. पेवाचं पानी नळाले येते, आलं तं.’

खोल गेलं की पाणी आणखी खारं. वर पावसाच्या पाण्याचा पातळ थर कुठे कुठे बरा असतो, पण काळी चिकण माती पाणी सहज आत सोडत नाही. म्हणून इथे बोअरची खोली वाढवून काही सुटत नाही. भूजलाच्या मूल्यांकनात तालुक्याचा वर्ग उपशाच्या टक्क्यावरून, म्हणजे वर्षाला उपसण्याजोग्या पाण्यातलं किती उपसलं त्यावरून ठरतो : सत्तरपर्यंत सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. खाऱ्या भागासाठी वेगळा वर्ग ठेवलाय, आणि तो ठेवला म्हणून बरं. नाहीतर इथे कुणी पाणी उपसत नाही, म्हणजे सगळं सुरक्षित, असंच उत्तर आलं असतं.

पातळीचा तक्ता एका फाइलमध्ये आणि पाण्याच्या गुणवत्तेचा दुसऱ्या, ही आमच्याकडची जुनी रीत. पातळी वर्षातून चार वेळा, नमुने दोनदा, तपासणारे लोक निराळे, विहिरींचे क्रमांकही निराळे. तिसऱ्या बाटलीवर चिकटपट्टी लावताना मी सरांना म्हटलं, निदान क्रमांक तरी एक करू. ते म्हणाले, हे मी नोकरीत असताना पंचवीस वर्षं म्हणत होतो. मग दोघंही गप्प बसून नमुने बर्फाच्या पेटीत भरू लागलो. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, हवा ठेवायची नाही, वेळ लिहायची. ही कामं करताना वाद सुचत नाही.

शुक्रवार : मोर्शी, वरूड

अमरावतीहून निघालो तेव्हा आठ वाजले होते आणि हवा तापली होती. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण आणि पुढे सातपुड्याचा पायथा, संत्र्याच्या बागा. एका बाजूला भलंमोठं धरण आणि दुसऱ्या बाजूला राज्यातल्या सगळ्यात जास्त उपसलेल्या तालुक्यांपैकी एक. वरूडला लोक स्वतःच ‘डार्क झोन’ म्हणतात, नव्या माणसाला पत्ता सांगावा इतक्या सहजपणे.

इथे विहिरी मोजून भागत नाही. विहिरी बहुतेक कोरड्या, किंवा बोअरचं पाणी साठवायच्या टाक्या झालेल्या. वरून पाइप येतो, पाणी विहिरीत पडतं, तिथून मोटर बागेला देते. अशा विहिरीत टेप सोडली तर पाणी तीन मीटरवर लागतं आणि ते सातआठशे फुटांवरून आणलेलं असतं. आमच्या यादीतली एक विहीर नेमकी अशी निघाली. तिचा आलेख तालुक्यात सगळ्यात देखणा होता.

मग बोअरची खोली विचारायची. २००९च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर बंधन घातलंय, आणि बोअरही विहिरीतच मोडतो. तेव्हापासून वहीत लिहायला विचारलं की बोअर दोनशे फुटांचा असतो.

‘किती फूट?’

‘असंल दोनशे.’

‘आणि मोटर कितीवर सोडलीय?’ सरांनी विचारलं.

‘साडेसहाशेवर,’ बागायतदार सहज बोलून गेले, मग हसले. ‘तुमी वहीत दोनशेच लिहा.’

वहीत मी दोनशे लिहिलं नाही. नाव-गट नंबर न घेता वेगळ्या पानावर साडेसहाशे लिहिलं. ज्या नोंदीवरून माणूस अडचणीत येऊ शकतो ती नोंद खरी हवी असेल तर आधी ती त्याच्या नावापासून सोडवावी लागते, एवढं मला कळतं. पण मग ती नकाशावर कुठे ठेवायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बागेत बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली, जी मला पुण्यात कधीच कळली नसती. संत्र्याला आंबिया बहार धरला तर भर उन्हाळ्यात झाडांवर फळ असतं आणि मोटर थांबवता येत नाही. मृग बहार धरायचा तर पावसाआधी झाडांना ताण देतात, म्हणजे मेमध्ये पाणी तोडतात. आमच्या एका बोअरची पातळी दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये अनपेक्षित वर आली होती. मी त्याचं श्रेय त्याच्या आदल्या वर्षीच्या नालाबांधांना दिलं जाताना ऐकलं होतं. बागायतदारांनी सांगितलं, त्या साली आजूबाजूच्या बऱ्याच जणांचा आंबिया गळला, म्हणून सगळ्यांनी मृगावर भरवसा ठेवला. मोटरी बंद होत्या. बांधांचा वाटा नसेलच असं नाही, पण तो किती हे काढायचं तर बहाराची नोंद हवी, आणि ती कुठल्याच रकान्यात नाही.

एका शाळेच्या आवारात स्वयंचलित यंत्राची पेटी दिसली. निरीक्षणासाठी घेतलेल्या बारीक बोअरमध्ये दाबाचा संवेदक सोडलेला असतो, तो दर काही तासांनी पातळी टिपतो. उपसा नसलेला बोअर, ठरलेली वेळ, माणसाचा हात नाही. आलेखावर रोजचे दात दिसतात, शेजारच्या मोटरी कधी चालू-बंद झाल्या ते सांगणारे. महिन्यातून एकदा हाताने साउंडर सोडून ताळा मात्र घ्यावाच लागतो, नाहीतर संवेदक हळूहळू सरकतो आणि ते सरकणं भूजलाची घट म्हणून छापलं जातं. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आणि अटल भूजल योजना यांतून अशी यंत्रं वाढली. अटल योजनेत महाराष्ट्रातले तेरा जिल्हे होते, आणि अमरावती व जालना दोन्ही त्यात. आकड्यांची ददात आता मिटत चाललीय. यंत्र मात्र बहार विचारत नाही.

रात्री वरूडमध्येच राहिलो. लॅपटॉपवर नवा नमुना अर्ज उघडून आमचं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, शेऱ्यासाठी ठरावीक पर्याय द्यावेत : कोरडी, उपसा चालू, कठडा बदलला, आडवे बोअर, बाहेरून पाणी सोडलं, पाऊस झाला. टिचकी मारायची, गाळता येतात, मोजता येतात. सरांचं म्हणणं, पर्याय दिले की माणूस विचार करायचं थांबवतो आणि ‘थोरलीच्या लग्नानंतरचा उन्हाळा’ कुठल्या पर्यायात बसवणार? शेरा सक्तीचा करावा, असं मी सुचवलं. त्यावर ते नुसतेच हसले. सक्तीच्या रकान्यात लोक ‘ठीक’ लिहितात, हे मलाही माहीत आहे. आमच्या तक्त्यात शेकडो ‘ठीक’ आहेत.

शेवटी ठरलं ते असं. मागच्या तीन मेचे आकडे अर्जावर आधीच दिसतील. आजचा आकडा त्यांच्यापासून मीटरभराहून जास्त हलला तरच अर्ज ‘का?’ विचारेल आणि तिथे मोकळं लिहायला जागा असेल, ओळींची मर्यादा नाही. पर्यायही राहतील, पण त्याच्या खाली. मोजणीबिंदूचा फोटो दर फेरीला. ‘फोटोपेक्षा कठड्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा,’ मामा म्हणाले. ‘वर विटा चढवल्या तर पट्टा खाली राहील, लगेच दिसेल.’ ते आम्ही दोघांनीही ताबडतोब मान्य केलं. वरूडमधल्या दुकानातून सकाळी दोन डबे घ्यायचे ठरले.

पाइपाचं पाणी पडणारी देखणी विहीर यादीतून काढायची, तिच्या जागी शाळेजवळचा न वापरलेला बोअर घ्यायचा. जालन्याच्या आडव्या बोअरवाल्या विहिरीचं मात्र ठरलं नाही. सर म्हणतात ठेवा, दहा वर्षांची मालिका आहे. मी म्हणते बदला, ती मालिका आता दोन विहिरींची आहे. ऑक्टोबरपर्यंत ती आणि शेजारची, दोन्ही मोजायच्या, आणि तोवर लग्नपत्रिका मिळाली तर तारीख पक्की करायची.